खरा प्रश्न आणि त्याचा तोतया

अमेरिकेच्या टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल येथे २५ डिसेंबर २०२० रोजी, नाताळच्या पहाटे, एटी अँड टी या दूरसंचार कंपनीच्या इमारतीसमोर उभ्या असलेल्या एका कॅम्परव्हॅनमधून बाईच्या यांत्रिक आवाजात इशारा ऐकू येऊ लागला. गाडीत बॉम्ब आहे, दूर व्हा, असे तो आवाज सांगत होता आणि पंधरा मिनिटांची उलटी मोजणी करत होता. मधूनच १९६४ सालचे ‘डाउनटाउन’ हे पेटुला क्लार्कचे गाणेही वाजत होते. सहा पोलिसांनी दारे ठोठावून रहिवाशांना बाहेर काढले आणि साडेसहाच्या सुमारास स्फोट झाला. सेकंड अव्हेन्यूवरच्या जुन्या विटांच्या चाळीसहून अधिक इमारतींचे नुकसान झाले, काही जण जखमी झाले, पण जीव गेला तो फक्त गाडी आणणाऱ्याचा. फोन मात्र त्या क्षणी बंद पडले नाहीत. ते काही तासांनी बंद पडले आणि नॅशव्हिलच्या बाहेर दूरवर पडले. टेनेसीबरोबर केंटकी आणि अलाबामा या शेजारच्या राज्यांतही मोबाइल आणि इंटरनेट ठप्प झाले. पोलीस आणि रुग्णवाहिकेसाठीचा ९११ हा क्रमांक अनेक ठिकाणी लागेना. नॅशव्हिलच्या विमानतळावरील उड्डाणे काही काळ थांबवावी लागली.

त्यानंतर सुरू झाला तर्कांचा बाजार. नोव्हेंबरमधल्या अध्यक्षीय निवडणुकीचा वाद तापलेला होता, म्हणून कोणी म्हणाले की डॉमिनियन कंपनीच्या मतदान यंत्रांच्या तपासणीचे काम एटी अँड टीकडे आले होते आणि तो पुरावा नष्ट करण्यासाठी हा स्फोट घडवला. असे काही कामच कंपनीकडे नव्हते. कोणी एका कॅमेऱ्याच्या चित्रफितीतील धुराची रेघ दाखवून म्हणाले की गाडी निमित्तमात्र, वरून क्षेपणास्त्र आले. कोणी फाइव्ह जीकडे बोट दाखवले, कारण त्याच वर्षी या तंत्रज्ञानाचा संबंध करोनाशी जोडणारी आवई जगभर उठली होती. प्रत्यक्षात तपास यंत्रणांनी गाडीच्या अवशेषांवरील ओळख क्रमांक आणि घटनास्थळी सापडलेल्या मानवी अवशेषांचा डीएनए यांच्या आधारे दोनच दिवसांत, २७ डिसेंबरला, त्या माणसाचे नाव जाहीर केले. तो ६३ वर्षांचा, त्याच शहरात राहणारा, संगणकाची किरकोळ कामे करणारा माणूस होता. हेतूबद्दलचा निष्कर्ष मात्र एफबीआयने १५ मार्च २०२१ पर्यंत जाहीर केला नाही. तो एकटाच होता, स्वतःचे जीवन संपवणे हा त्याचा उद्देश होता, मनात विचित्र कटकल्पनांचे घर होते, जवळची नाती तुटत गेली होती, असे एफबीआयने सांगितले. समाजात किंवा राजकारणात बदल घडवण्याचा हेतू आढळला नाही. त्या जागेतल्या कुणा व्यक्तीवर वा संस्थेवर वैयक्तिक राग असल्याचेही दिसले नाही.

म्हणजे बाजारातला जवळजवळ सगळा माल खोटा निघाला. पण ‘लोक चुकले’ एवढे म्हणून थांबण्यात फारसे शहाणपण नाही. चुकीचे उत्तर खोडता येते, खोडलेही गेले. तर्कबाजीचे खरे नुकसान त्याच्या आधीच झालेले असते. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नेमके काय झाले, याची पुण्यात अनेकांना खात्री पटेना. त्या रिकाम्या जागेवर तोतया उभा राहिला, त्याला अनुयायी मिळाले आणि १७७६ मध्ये कोकणात त्याने बंडही उभारले. मोठ्या दुर्घटनेनंतर प्रश्नांच्या बाबतीत हेच घडते. विचारायला हवा तो प्रश्न बाजूला राहतो, त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा प्रश्न त्याच्या आसनावर बसतो आणि त्याच्यामागे गर्दी जमते. ‘हे नक्की कोणी घडवले?’ हा असाच एक तोतया असू शकतो. त्याची परीक्षा सोपी आहे. ‘कोणी’चे उत्तर बदलून पाहावे. जो प्रश्न त्या बदलाबरोबर विरघळून जातो, तो आपल्या कुतूहलाचा. जो तसाच उभा राहतो, तो आपल्या सुरक्षेचा.

आधी हे समजून घ्यायला हवे की माणसे तर्कबाजी मूर्खपणापोटी करत नाहीत. या विषयावरचे एक मूलभूत काम आपल्याच देशातले आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी लोकांत फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या. ग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, प्रलयाचा दिवस ठरलेला आहे, अशा त्या होत्या. या अफवा ज्या भागातल्या होत्या, तिथे जमीन जोरात हादरली होती, पण घरे फारशी पडली नव्हती. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगमध्ये दरडी कोसळल्यानंतर असाच अभ्यास केला. तिथे विध्वंस लोकांच्या डोळ्यांसमोर होता आणि तशा अफवा मात्र आढळल्या नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी या दोन भारतीय अभ्यासांतून एक सूत्र काढले आणि ते १९५७ मधल्या त्यांच्या गाजलेल्या सिद्धान्तात गुंफले गेले. ज्याचे घर पडले, त्याला आपल्या भीतीचे कारण दिसते. ज्याला धक्का जाणवला पण काही पडलेले दिसत नाही, त्याच्या मनात भीती असते आणि कारण नसते. भीतीच्या मापाचे कारण तो मग स्वतःच शिवून घेतो.

दूरसंचाराचा खोळंबा हा नेमका असाच धक्का असतो. सेकंड अव्हेन्यूवर राहणाऱ्या माणसाला फुटलेल्या काचा आणि जळालेली गाडी दिसत होती. शेदोनशे मैलांवर केंटकीत बसलेल्या माणसाला फक्त आपल्या हातातला मुका फोन दिसत होता. त्याच्यापर्यंत हादरा आला, ढिगारा आला नाही. त्यात भर पडली ती दुसऱ्या एका जुन्या समजुतीची. परिणाम मोठा असेल तर कारणही तेवढेच मोठे असणार, असे आपल्याला मनोमन वाटते. अनेक राज्यांतले फोन बंद पडतात, विमाने थांबतात, तेव्हा त्यामागे एक एकाकी, भ्रमिष्ट माणूस आणि एक जुनाट गाडी असेल, हे मनाला पटत नाही. मनाला एखादे परके राष्ट्र हवे असते, एखादे महाकारस्थान हवे असते.

पण परिणाम मोठा झाला तो कारस्थान मोठे होते म्हणून झाला नाही. त्याचे उत्तर इमारतीच्या आत होते, आणि ते रटाळ आहे. स्फोटाने आग लागली. आगीच्या मागे पाणी आले आणि तळघरात साचले. बाहेरची वीज गेली. अशा वेळी जनरेटर असतात, पण आग आणि पाणी यांनी ती व्यवस्थाही निकामी केली. यंत्रे बॅटऱ्यांवर काही तास चालली. म्हणूनच फोन सकाळी साडेसहाला बंद पडले नाहीत. बॅटऱ्या संपल्या तेव्हा ते पडले. रात्री आग पुन्हा धुमसली आणि कर्मचाऱ्यांना इमारत सोडावी लागली. शेवटी भिंतींना भोके पाडून आत तारा नेल्या, बाहेरून वीज जोडली, पाणी उपसले आणि सेवा टप्प्याटप्प्याने सुरू केली. एवढ्या मोठ्या प्रदेशाची वाहतूक एकाच इमारतीत एकवटली होती आणि तिची पर्यायी वीजही त्याच आगीच्या व पाण्याच्या तडाख्यात सापडली, हे खरे कारण. यात खलनायक नाही, म्हणून कथाही नाही. अग्निशमन दल आणि पोलीस यांच्यासाठी खास उभारलेले फर्स्टनेट हे जाळेसुद्धा त्या दिवशी विस्कळीत झाले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांतील संपर्काच्या गोंधळातून धडा घेऊन २०१२ मध्ये अमेरिकी संसदेने ही योजना आखली होती आणि २०१७ मध्ये ती याच कंपनीकडे सोपवली होती. संकटासाठी बांधलेली वाट संकटातच बंद पडली, ही खरे तर पहिल्या पानाची बातमी. क्षेपणास्त्राच्या चित्रफितीपुढे तिला किती वाव मिळाला असेल, याचा अंदाज वाचकच करू शकतील.

दुसराही एक खरा प्रश्न असाच झाकोळला. स्फोटाच्या सोळा महिने आधी, ऑगस्ट २०१९ मध्ये, त्या माणसाच्या ओळखीच्या एका स्त्रीने पोलिसांना सांगितले होते की तो आपल्या गाडीत बॉम्ब बनवत आहे. पोलीस त्याच्या घरी गेले, दार ठोठावले, कोणी उघडले नाही. गुन्ह्याचा पुरावा दिसला नाही म्हणून प्रकरण तिथेच विरले. अशी माहिती मिळाल्यावर कायद्याच्या चौकटीत राहून पोलिसांनी कुठपर्यंत जावे, पाठपुरावा कोणी करावा, हा अवघड आणि महत्त्वाचा प्रश्न आहे. आपल्या परीक्षेला हा प्रश्नही उतरतो. स्फोट कटकल्पनेतून झाला असो, वैफल्यातून झाला असो वा राजकीय द्वेषातून, कोणीतरी आधी सांगितले होते आणि ते विरून गेले, हे बदलत नाही.

हा केवळ अमेरिकेचा दोष आहे, असे समजण्याचे कारण नाही. त्याच वर्षी, १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली. लोकल रुळांवर थांबल्या, करोनाकाळातल्या रुग्णालयांनी जनरेटरवर धाव घेतली. कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडण्यापासून याची सुरुवात झाली होती. लगेच घातपाताची शंका घेतली गेली. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये भारतीय वीजयंत्रणेत चिनी घुसखोरी झाल्याची बातमी आली आणि शंकेला धार चढली. राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ही मानवी चूक असल्याचे सांगितले. चीन की चूक, यावर वाद रंगला. आता परीक्षा लावून पाहा. मुंबईसाठी ‘आयलँडिंग’ची एक जुनी व्यवस्था आहे. राज्याची यंत्रणा कोसळू लागली तर शहर तिच्यापासून तुटून स्वतःच्या विजेवर तगून राहावे, हा तिचा हेतू. त्या दिवशी ती टिकली नाही. कारण चीन असो, चूक असो, वा झाडाची पडलेली फांदी असो, ती का टिकली नाही हा प्रश्न जागचा हलत नाही. चर्चेत मात्र चीन होता, आयलँडिंग तज्ज्ञांच्या अहवालात होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की फाइव्ह जीचा तर्क अगदीच वेडगळ नव्हता. स्फोट दूरसंचार कंपनीच्या दारात झाला होता, तपास यंत्रणांनीही हा धागा तपासला होता आणि अखेर त्या माणसाच्या डोक्यात कटकल्पना होत्याच. हे सगळे मान्य. पण तपासाचा धागा आणि तर्कबाजी यांत मोठा फरक आहे. तपास करणारा शंका घेतो ती तुटावी म्हणून ताणून पाहायला. तर्कबाजी करणारा ती तुटू नये म्हणून जपतो. एफबीआयने तो धागा अडीच महिने ताणून पाहिला आणि त्या जागेशी वैर असल्याची खूण नाही, असे म्हटले. अर्धवट जुळलेला अंदाज बरोबर ठरत नाही. शिवाय अशा अंदाजाला हातपाय फुटतात. २०२० च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये फाइव्ह जीमुळे करोना पसरतो या समजुतीने डझनावारी मोबाइल टॉवर पेटवले गेले. त्यांतले अनेक फाइव्ह जीचे नव्हतेही. बर्मिंगहॅममध्ये करोना रुग्णांसाठी उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयाला सेवा देणारा टॉवरही त्यातून सुटला नाही. आजारी माणसाचा नातेवाइकांशी असलेला धागा तोडला तो विषाणूने नव्हे, विषाणूबद्दलच्या गोष्टीने.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सरकार आणि पोलीस नेहमी खरे बोलतात का? बोलत नसतील तर लोकांनी तर्क का करू नयेत? याला पुरावे अमेरिकेतही आहेत आणि महाराष्ट्रातही. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये बॉम्बची पिशवी पहिल्यांदा ज्याच्या नजरेला आली आणि ज्याने लोकांना दूर केले, त्या रिचर्ड ज्युएल या सुरक्षारक्षकावरच तपास यंत्रणेने संशय घेतला. माध्यमांनी त्याचे आयुष्य नकोसे केले. तो निर्दोष होता. खरा गुन्हेगार एरिक रुडॉल्फ याने २००५ मध्ये गुन्हा कबूल केला. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी स्फोट झाले, नऊ मुस्लिम पुरुषांना अटक झाली, त्यांनी अनेक वर्षे तुरुंगात काढली आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तेव्हा अधिकृत उत्तरावर शंका घेणे हा नागरिकाचा हक्कच नाही, गरज आहे. पण या दोन्ही प्रकरणांत नेमके काय घडले ते पाहावे. तिथे तर्कबाजी गणवेशात होती. पुराव्याच्या आधी कथा ठरली आणि माणसे त्या कथेत बसवली गेली. तिच्यावर उतारा म्हणून रस्त्यावरची तर्कबाजी उभी करणे म्हणजे एका तोतयाला हटवून दुसऱ्याला गादीवर बसवणे. शंका पुरावा मागते. तर्कबाजी पुराव्याशिवाय भागवून घेते. ज्युएलला आणि मालेगावच्या आरोपींना शेवटी वाचवले ते ‘पुरावा दाखवा’ या आग्रहाने. दुसरी एखादी चमकदार कथा त्यांच्या मदतीला आली नव्हती.

तिसरा आक्षेप प्रशासनाच्या बाजूने येतो. अफवा एवढ्या घातक असतील तर अशा वेळी इंटरनेटच बंद करावे. आपल्याकडे हा उपाय वारंवार वापरला जातो आणि २०१७ पासून त्याचे नियमही आहेत. नॅशव्हिलची घटना या उपायाची अनाहूत चाचणी ठरली. तिथे मोठ्या प्रदेशात दूरसंचार खरोखरच बंद पडले होते. अफवा थांबल्या नाहीत. त्या जिथे फोन चालू होते तिथे पिकल्या आणि जगभर फिरल्या. बंद पडले ते खरे ऐकण्याचे आणि मदत मागण्याचे साधन. बिहारच्या अभ्यासाचे सूत्र इथेही लागू होते. संपर्क तोडला की ढिगारा दिसत नाही आणि हादरा उरतो. अफवेला याहून चांगली जमीन कुठली?

मग करायचे काय? नॅशव्हिलमधल्या अधिकाऱ्यांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. स्फोट जाणूनबुजून घडवलेला दिसतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. पुरावा जुळल्यावर दोन दिवसांनी नाव सांगितले. हेतू मात्र तपास पूर्ण होईपर्यंत सांगितला नाही. आज काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि पुढची माहिती केव्हा देऊ, या तीन वाक्यांत अफवेची अर्धी जागा भरते. उरलेली अर्धी भरण्याची जबाबदारी वृत्तपत्रांची आणि वाचकांची. पाहिलेले सांगणे आणि सुचलेले सांगणे वेगळे ठेवायला हवे. नॅशव्हिलच्या तपासात लोकांनी शेकडो धागे पोलिसांना दिले. ते उपयोगी पडू शकतात, कारण ते अशा ठिकाणी जातात जिथे त्यांची पडताळणी होते. तोच धागा हजार लोकांपुढे फेकला की तो आरोप होतो.

आणि आपले प्रश्न? परदेशातून भारतात येणाऱ्या समुद्राखालच्या केबलांपैकी बऱ्याच मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईचे फोन कोलमडले. त्यासाठी ना बॉम्ब लागला, ना शत्रू. पाणी तळघरात शिरते तेव्हा ते अग्निशमनाच्या नळीतून आले की आभाळातून, हे जनरेटरला कळत नाही. म्हणून पुढच्या वेळी फोन मुका होईल तेव्हा विचारायचे प्रश्न आजच ठरवता येतात. या भागातली वाहतूक किती इमारतींतून जाते? बॅटऱ्या किती तास टिकतात? जनरेटर कोणत्या मजल्यावर आहे? एक वाट बंद पडली तर रुग्णवाहिकेचा फोन दुसऱ्या कोणत्या वाटेने जातो? यांची उत्तरे देणे ज्यांचे काम आहे त्यांना तर्कबाजी सोयीचीच असते. सगळे गाव चोराच्या शोधात असले की कुलूप कोणी तपासत नाही.